शेंगांच्या भाषणाबद्दल, चिऊला

प्रिय चिऊ,

परवा गाडीत तू विचारलंस आणि मी रेडिओचा आवाज वाढवला. ते बरं केलं नाही. समोरासमोर बोलायला गेले की माझा सूर चढतो, मग तू कानात हेडफोन घालतेस, म्हणून लिहिते आहे. मराठी वाचायला तुला वेळ लागतो. लागू दे, घाई नाही.

मंडळाच्या गणपतीत लोकमान्यांवर पाच मिनिटं बोलायचं, म्हणून मी तुला शेंगांचं भाषण लिहून दिलं. ते बाजूला ठेवून तू स्वतःच वाचायला बसलीस. आणि म्हणालीस, "आई, त्यांना मी शाळेत गेलेली चालली नसती. मग मी त्यांचं कौतुक का करायचं?" वर आणखी, "इथल्या विद्यापीठावरून रायरसनचं नाव काढलं तेव्हा तू म्हणालीस, बरं झालं. मग तुमच्या माणसाचं काय?"

'तुमच्या माणसाचं' हे लागलं मला. 'आपल्या' म्हणाली असतीस तर कदाचित रेडिओ लावला नसता.

मी तिसरीत होते. 1 ऑगस्टला टिळक पुण्यतिथी, शाळेच्या हॉलमध्ये वक्तृत्व स्पर्धा. बाईंनी लिहून दिलेलं भाषण आबांनी आठवडाभर घोटून घेतलेलं. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" इथपर्यंत एका श्वासात. मग ती शेंगांची गोष्ट: वर्गात टरफलं पडली आहेत, मास्तर सगळ्यांनाच उचलायला सांगतात आणि छोटा बाळ ताठ उभा राहून म्हणतो, मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. ही गोष्ट न सांगता मोठं झालेलं मराठी मूल मला तरी माहीत नाही. माझी कल्पना अशी की खरी टरफलं न्यायची. माईने मूठभर शेंगा सोलून दिल्या, दाणे मी खाल्ले आणि टरफलं फ्रॉकच्या खिशात घालून नेली. त्या वाक्याला मी ती स्टेजवर उधळली. टाळ्या पडल्या. दुसरा नंबर आला, कंपासपेटी मिळाली. ती गंजून गेली तरी मी बारावीपर्यंत वापरली.

माई म्हणजे माझी पणजी, आबांची आजी. हॉलमध्ये बाबाच्या पदवीशेजारी पगडी-उपरण्यातल्या टिळकांचा जो फोटो आहे ना, तो तिचा. सदाशिव पेठेतल्या वाड्यात तिच्या पलंगावर असायचा. टिळक गेले, 1920 साली, तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि त्या दिवशी घरात चूल पेटली नाही, असं सांगायची. आणि तीच माई हुजूरपागेत, पुण्यातल्या मुलींच्या शाळेत, इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेली होती. वाड्यात कोणाकडे तार आली की पोस्टमन गेला नाही तोच माणूस माईकडे यायचा. तारेतली चार इंग्रजी वाक्यं वाचून 'घाबरू नका, मुलगा झालाय' असं सांगणारी वाड्यातली बाई ती एकटीच.

ती शाळा 1884 साली रानडे, भांडारकर यांच्या मंडळींनी काढली, आणि टिळकांच्या 'केसरी'-'मराठा'ने तिच्यावर झोड उठवली. मुलींनी काहीच शिकू नये असं त्यांचं म्हणणं नव्हतं. पण मुलग्यांसारखा अभ्यास, इंग्रजी वगैरे नको. घरसंसाराला पुरेल तेवढं बस झालं. म्हणजे तू म्हणतेस ते अगदी शब्दशः नसलं तरी फार चूकही नाही. तुझं रोबोटिक्स तर बसलंच नसतं त्यात.

माईला हे ठाऊक होतं का? होतं. एकदा आत्याने तिला डिवचलं होतं, "माई, यांना तुझी शाळा खपत नव्हती." माई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना कुठे सगळंच कळत होतं?" आणि खडा काढून बाजूला ठेवला. आम्ही हसलो, आणि तो विषय तिथेच राहिला. मी मात्र तेवढ्यावर सुटू शकत नाही, कारण मी तो फोटो साड्यांच्या घड्यांत गुंडाळून टोरांटोपर्यंत आणला आहे.

तुला पटकन उत्तर द्यायचं तर 'तो काळच तसा होता' असं म्हणता आलं असतं. गाडीत तोंडावर आलंही होतं. पण टिळक आणि आगरकर एकाच वर्षी जन्मले, 1856 च्या जुलैत, नऊ दिवसांच्या अंतराने. शाळा एकत्र काढली, 'केसरी' एकत्र काढला, डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र काढले. आणि मुलींच्या शिक्षणावर, बालविवाहावर आगरकर अगदी उलट बाजूला उभे राहिले. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली तरी हटले नाहीत. त्याच पुण्यात त्याच्याही कितीतरी आधी, 1848 मध्ये, सावित्रीबाई भिडे वाड्यात मुलींना शिकवत होत्या. त्यामुळे काळावर ढकलायची सोय नाही.

सगळ्यात अवघड जातं ते संमतिवयाचं. तू आता पंधराची, म्हणून स्पष्ट लिहिते. लग्न झालेल्या मुलीशी नवऱ्याने संबंध ठेवायचे तर तिचं वय किमान किती हवं, हे सरकारने 1891 साली दहावरून बारा केलं. फक्त बारा. टिळकांनी त्याला विरोध केला. सुधारणा आमच्या आम्ही करू, परक्या सरकारने आमच्या धर्मात कायदे करू नयेत, हा त्यांचा मुद्दा. कॉलेजात मी हा मुद्दा हिरिरीने मांडलेला आहे. वर्गात छान वाटतो. तू झाल्यावर मला तो कधीच छान वाटला नाही.

आणि तरी. 1908 मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस. ते काही आमच्यासारखे पेठेतले लोक नव्हते. मंडालेच्या तुरुंगातून टिळक परतले तोवर त्यांची बायको गेलेली होती. सरकारविरुद्ध लिहिलं तर काय होतं हे पुरतं माहीत असूनही लिहीत राहणारा माणूस हाच होता. हे मी तुला पटवायला सांगत नाहीये. (थोडंसं पटवायलाच सांगते आहे.)

रायरसनबद्दल मला 'बरं झालं' म्हणणं सोपं गेलं कारण तो माझ्या घरातल्या भिंतीवर नव्हता. इथल्या सरकारी शाळांची घडी त्याने बसवली, आणि मूळनिवासींच्या मुलांना आईबापांपासून तोडणाऱ्या वसतिशाळांच्या कल्पनेतही त्याचा हात होता. 2021 मध्ये पुतळा पाडला, पुढच्या वर्षी विद्यापीठाचं नाव बदललं. बाबाच्या पदवीवर जुनंच नाव आहे, ते त्याने बदलून घेतलं नाही आणि तूही कधी विचारलं नाहीस. हे उत्तर नाही, चिडून लिहिलंय. पण राहू दे.

तू न विचारलेलं एक सांगते. आमच्या वाड्यात टिळकांचा फोटो होता, आगरकरांचा नव्हता, आणि फुल्यांचा तर नव्हताच. डोंगरीच्या त्या खटल्यात टिळक-आगरकरांच्या जामिनाचे पैसे फुल्यांच्या ओळखीतल्या माणसाने भरले होते, हेही मला घरात कोणी सांगितलं नाही. पंचविशी उलटल्यावर कुठेतरी वाचलं. फोटो कोणाचा लावायचा हे आमच्याकडे कोणी बसून ठरवलं नव्हतं. आमच्यासारख्यांच्या घरात ते ठरलेलंच असायचं, एवढंच.

आणि टरफलं. परवा रात्री झोप येईना तेव्हा ते आठवलं. बक्षीस समारंभ संपला, आम्ही स्टेजच्या पायऱ्यांवर चिवडा खात बसलो होतो, आणि शाळेतल्या मावशी केरसुणी घेऊन आल्या. मी उधळलेली टरफलं त्यांनी गोळा केली. शेंगा तर त्यांनीही खाल्ल्या नव्हत्या. मी कंपासपेटी उघडून बघत होते, त्यातला कर्कटक नवाकोरा होता.

फोटो मी उतरवलेला नाही. उतरवणारही नाही बहुतेक, कारण त्याच्याकडे बघितलं की मला आधी माई दिसते. शेजारी सावित्रीबाईंचा लावावा असं मनात आलं, पण तुझ्या प्रश्नानंतर तो आणला तर तूच डोळे फिरवशील.

मंडळाच्या काकूंना शनिवारपर्यंत नाव कळवायचं आहे. शेंगांचं भाषण कर, किंवा हुजूरपागेवर बोल आणि त्यात त्यांचा विरोधही सांग. पहिल्या रांगेत आजोबा मंडळी कुजबुजतील, मी तिथेच बसलेली असेन. किंवा नाहीच म्हण. मग मीच फोन करते. काकूंनी कारण विचारलं तर 'तिची परीक्षा आहे' असं सांगणार नाही.

तुझी,
आई