लिहिण्याचे पैसे देतं कोण?

ऑनलाइन लिहून कमाई करण्याबद्दल वाचकांचे पुष्कळ प्रश्न आले. एकसारखे होते ते एकत्र केले आहेत, नावं गाळली आहेत. उत्तर देण्याआधी मी प्रत्येक वेळी एवढंच पाहते की या व्यवहारात पैसा नेमका कुणाच्या खिशातून निघतोय. तो माणूस दिसला की निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

आठ महिने ब्लॉग लिहितोय. साठ लेख झाले, गूगलच्या अॅडसेन्स या जाहिरात योजनेची मंजुरीही मिळाली. पण खात्यात ७ डॉलर! माझं काय चुकतंय?

कदाचित काहीच चुकत नसेल, हिशोबच तसा आहे. १० डॉलर झाल्यावर गूगल तुमच्या पत्त्याच्या पडताळणीसाठी पिन पाठवतं आणि १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. म्हणजे तुम्ही अजून पहिल्या पायरीच्याही अलीकडे आहात.

इथे पैसा जाहिरातदाराचा. गूगलच्या सांगण्याप्रमाणे जाहिरातदाराने मोजलेल्या रकमेतला साधारण ६८ टक्के वाटा संकेतस्थळाच्या मालकाला मिळतो. २०२४ पासून हा मोबदला क्लिकवर नाही, तर जाहिरात किती वेळा दिसली त्यावर धरतात. आता समजा, हजार वेळा पान उघडलं गेलं की तुमच्या हातात एक डॉलर पडतो. मग १०० डॉलरसाठी पानं एक लाख वेळा उघडली जायला हवीत. साठ लेखांत वाटलं तर दर लेख सुमारे १,६६७ वेळा. हा एक डॉलर मी हिशोबापुरता धरलाय. विमा, कर्ज, सॉफ्टवेअर अशा विषयांवर जाहिरातदारांची चढाओढ असते, तिथे आकडा वर जातो. कविता, आठवणी, ललित यांच्या शेजारी जाहिरात लावायला फारसं कुणी रांगेत नसतं. ललित लेखन कमी दर्जाचं आहे असा याचा अर्थ नाही. त्याचा पैसा जाहिरातदाराकडे नाही, एवढाच अर्थ.

तरी एक काम आज करा. गूगलचं सर्च कन्सोल हे साधन उघडा आणि लोक कोणते शब्द शोधत तुमच्याकडे आले ते बघा. बहुतेक वेळा साठांपैकी चार-पाच लेखच सगळा भार वाहत असतात. त्यातला एक उघडून शोधणाऱ्याच्या नजरेने वाचा. समजा, त्याने ‘लॅपटॉप फार तापतो काय करू’ असं शोधलं. तुमच्या लेखात पहिला परिच्छेद संगणकाच्या महत्त्वावर, दुसरा आधुनिक जीवनशैलीवर, तिसऱ्यात लॅपटॉपचे प्रकार, आणि हवा जायची जाळी साफ करा हे कुठेतरी पाचव्यात. तोवर तो माणूस परत गेलेला असतो. ती जाळी पहिल्या दोन वाक्यांत आणा. नवे दहा लेख लिहिण्यापेक्षा असे पाच जुने लेख दुरुस्त केलेले बरे.

आणि मित्रांना जाहिरातींवर टिचक्या मारायला सांगू नका. असे क्लिक पकडले जातात, खातं बंद होतं आणि साठलेली रक्कमही जाते.

घरबसल्या लेखन-टंकलेखनाचं काम देणारी एक कंपनी नोंदणीसाठी थोडी रक्कम मागते. नंतर परत देणार म्हणतात. भरू का?

भरू नका. काम करणाऱ्याने काम देणाऱ्याला पैसे द्यायचे, हा व्यवहारच उलटा आहे. इथे पैसा तुमच्याच खिशातून निघतोय. याच जातीचा दुसरा सापळा म्हणजे आधी काहीच मागत नाहीत. शेकडो पानं करून घेतात, मग ‘अचूकता ठरल्यापेक्षा कमी भरली’ म्हणून दंड मागतात आणि वर वकिलाची म्हणून एक नोटीस धाडतात. लोक घाबरून भरतात. उत्तर न देता सगळे संदेश जपून ठेवा आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करा.

क्लायंट शब्दामागे दर देतो. सुरुवातीला ठीक वाटला, पण तोच लेख तीन-तीनदा बदलून मागतो. आता म्हणतो, पैसे लेख प्रसिद्ध झाल्यावर, आणि लेखावर माझं नावही नसेल. हे असंच चालतं का?

चालतं, कारण लिहिणारे चालवून घेतात.

आधी दराचं बघू. शब्दामागचा दर ऐकायला सोपा, पण तो वेळ लपवतो. बाराशे शब्दांचा एक लेख घ्या. वाचन दोन तास, एखाद्या जाणकाराशी बोलणं आणि ते उतरवून घेणं एक तास, लिहिणं तीन तास, दुरुस्ती दीड तास, चित्रं शोधून लेख चढवणं अर्धा तास. झाले आठ. हे काम फाइव्हर या कामं मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावरून ५० डॉलरला घेतलं असेल तर २० टक्के त्यांचे. तुमच्या हाती ४०, म्हणजे तासाला ५ डॉलर. क्लायंटने आणखी दोन तासांचे बदल सुचवले की तेच ४ वर येतं. दर तोच, शब्द तेवढेच, मजुरी मात्र घसरली. म्हणून दोन-तीन लेखांचे तास खरोखर टिपून ठेवा. पुढचा दर त्यावरून ठरवा, समोरच्याने फेकलेल्या आकड्यावरून नाही. अपवर्कसारख्या, कामं मिळवून देणाऱ्या दुसऱ्या ठिकाणी अर्ज करायलाही ‘कनेक्ट्स’, म्हणजे अर्जाची टोकनं, विकत घ्यावी लागतात. वाया गेलेल्या अर्जांचा तो खर्चही यात धरा.

आता अटी. बोलणं कितीही गोड झालं तरी काम सुरू करण्याआधी एक ईमेल पाठवा. करारनामाच हवा असं नाही, चार ओळी पुरतात: दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात धरल्या आहेत, विषय किंवा रोख बदलला तर तो नवा लेख धरला जाईल, लेख सोपवल्यापासून अमुक दिवसांत पैसे, पूर्ण पैसे मिळाल्यावरच लेखाचे हक्क क्लायंटचे. यातली शेवटची ओळ गाळू नका. ‘प्रसिद्ध झाल्यावर पैसे’ ही अट तर सरळ नाकारा. लेख कधी छापायचा हे त्याच्या हातात, मग तो कधीच छापला नाही तर? नव्या क्लायंटकडून निम्मी रक्कम आगाऊ घेण्यातही संकोच नको. खरंच पैसे देणारा त्यावर फार वाद घालत नाही, असा माझा अनुभव आहे.

नाव नसण्यात गैर काही नाही. दुसऱ्याच्या नावाने लिहिणं हा जुना, प्रतिष्ठित धंदा आहे. मात्र नावामुळे पुढची कामं मिळतात, आणि ती वाट इथे बंद होते. त्यामुळे अशा लेखाचा दर जास्त लावायचा आणि ‘नमुना म्हणून खासगीत दाखवेन’ एवढी परवानगी लिहून घ्यायची.

याच ओघात, ‘चाचणी म्हणून एक पूर्ण लेख फुकट’ मागणाऱ्यांना तुमचे आधीचे लेख दाखवा. अशा दहा चाचण्यांवर महिनाभर संकेतस्थळ चालवणारे महाभाग असतात.

एआयकडून दिवसाला दहा लेख करून घेतले तर कमाई वाढेल ना?

पी हळद आणि हो गोरी! जे काम तुम्ही पाच मिनिटांत बटण दाबून करता, ते पैसे देणाराही करू शकतो. मग तो तुम्हाला कशाचे पैसे देईल? साध्या माहितीपर लेखांची कामं त्यामुळे कमी झाली आहेत, हे खरंच आहे.

जाहिरातींवर जगायचं म्हटलं तर मार्च २०२४ मध्ये गूगलने घाऊक प्रमाणात पाडलेल्या निरुपयोगी मजकुराविरुद्ध धोरण आणलं. तो माणसाने लिहिला की यंत्राने, हा फरक त्यात केलेला नाही. गूगलने शोधाच्या पद्धतीत २०११ मध्ये केलेल्या ‘पांडा’ बदलातही घाऊक लेख पाडणारी संकेतस्थळंच आपटली होती. किंडलवर पुस्तकांचा असा पूर आला तेव्हा, सप्टेंबर २०२३ मध्ये, अॅमेझॉनने एका खात्याला दिवसाला तीनच नवी पुस्तकं अशी मर्यादा घातली. दिवसाला तीन पुस्तकं ही ‘मर्यादा’ ठरते, यावरूनच काय ते समजा.

मुद्दे काढायला, मथळे सुचवायला, चुका शोधायला एआय वापरायला हरकत नाही. क्लायंटला चालतं का, ते मात्र आधी विचारा. उलट बाजूने, तुम्ही स्वतः लिहिलेला लेखही कधी ‘यंत्राचा’ म्हणून परत येऊ शकतो. ते ओळखणारी साधनं बेभरवशाची आहेत. म्हणून गूगल डॉक्समध्ये लिहा. तिथे मजकूर कसा कसा वाढत गेला याचा इतिहास राहतो, तो दाखवता येतो.

माझे समाजमाध्यमांवर बाराशे फॉलोअर आहेत. सशुल्क वृत्तपत्रिका काढावी म्हणतेय. निम्मे तरी वर्गणी भरतील?

नाही भरणार. फॉलोअर आणि वर्गणीदार यांच्यामध्ये ईमेल यादी असते, आधी ती तयार करा. समजा यादीत हजार लोक आले आणि तीस जणांनी महिना ५ डॉलर दिले. झाले १५०. सबस्टॅक हे वृत्तपत्रिकांचं व्यासपीठ १० टक्के घेतं, उरले १३५. कार्डव्यवहाराचं शुल्क वेगळं, आणि त्यातला ठरावीक भाग लहान रकमांना जास्त चावतो. शिवाय तिथे वर्गणी स्ट्राइप या पैसे जमा करणाऱ्या सेवेमार्फत येते. तुमच्या देशात ती सोय चालू आहे का ते आधी पाहा.

तरीही मला हा मार्ग आवडतो, कारण इथे पैसा थेट वाचकाच्या खिशातून येतो आणि ईमेल यादी तुमची राहते. पण आधी सहा महिने फुकट, ठरलेल्या वारी, न चुकता पाठवून बघा. वर्गणी घेतल्यावर ‘या आठवड्यात सुचलं नाही’ म्हणता येत नाही.

माझ्या जुन्या लेखात एक लिंक टाकण्यासाठी कुणीतरी पैसे देऊ करतंय. घेऊ का?

लिंक ‘स्पॉन्सर्ड’ अशी चिन्हांकित करून आणि वाचकाला ते सांगून घेता आली तर घ्या. बहुतेकांना नेमकं तेच नको असतं. गूगलच्या शोधात वर येण्यासाठी त्यांना तुमच्या संकेतस्थळाची पत हवी असते. मग सोडून द्या.

लेखनातून येणारा पैसा पगाराच्या जवळ आलाय. नोकरी सोडू?

वर्षातला सगळ्यात कोरडा महिना काढा आणि त्यात घर चाललं असतं का ते बघा. सरासरी फसवी असते. निम्म्याहून जास्त पैसा एकाच क्लायंटकडून येत असेल तर तीही नोकरीच आहे, फक्त रजा आणि पगाराच्या हमीशिवायची.

माझं सगळं लेखन एकाच मोठ्या व्यासपीठावर आहे. कंपनी मोठी आहे, मग धोका काय?

गूगलहून मोठी? त्यांनी २००८ मध्ये ‘नोल’ सर्वांसाठी खुलं केलं होतं. जाणकारांनी लेख लिहायचे आणि हवं तर शेजारी अॅडसेन्स लावायचं. २०१२ मध्ये ते बंद झालं. याहूने विकत घेतलेलं लेखकांचं व्यासपीठ २०१४ मध्ये गेलं, त्याच वर्षी ‘हेलियम’ आणि ‘स्क्विडू’ ही तशीच व्यासपीठंही गेली. नोलच्या लेखकांना निदान लेख उतरवून घ्यायला काही महिने मिळाले. प्रत्येक वेळी मिळतीलच असं नाही. आज संध्याकाळी सगळे लेख उतरवून आपल्या संगणकावर ठेवा, आणि जिथे त्या व्यासपीठाचा नियम परवानगी देतो तिथे तेच लेख स्वतःच्या डोमेनवरही चढवा.