वजन ४२ वरच थांबू द्या

ताई, मुलगा ९ वर्षांचा, उंची १३४ सेंमी, वजन ४२ किलो. दीड महिन्यात पाच किलो उतरवून देणाऱ्या शिबिरात घालू का, असं विचारलंयत. नका घालू.

त्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) २३.४ येतो. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०१५च्या तक्त्यावर हा लठ्ठपणातच मोडतो, तेव्हा ‘मोठा झाला की उतरेल’ म्हणून सोडू नका. पण या वयात उंची वर्षाला ५-६ सेंमी वाढते. वजन ४२ वर टिकलं तरी १४० सेंमीला बीएमआय २१.४ होतो. उपाशी ठेवून उतरवलेलं वजन घरी आल्यावर परत चढतं, कारण घरचे डबे तेच असतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३मध्ये सांगितलं ते ३ ते १२ महिन्यांत खाणं-खेळाच्या सवयींबद्दल समोरासमोर किमान २६ तास मार्गदर्शन, तेही पालकांसकट. शिबिरवाल्यांना विचारा, आम्हाला किती वेळा बसवणार?

आधी पेयं. दुधातली चॉकलेट पावडर, पाकिटातला ज्यूस, सरबत बंद. साधं बिनसाखरेचं दूध दोन कप पुरे. फरसाण, खारी, बिस्किटं वरच्या फळीवर लपवू नका, आणूच नका. खरा घोळ संध्याकाळी होतो: शाळेतून भुकेला येतो आणि हाताला पुडा लागतो. त्या वेळेला मुगाची उसळ, उकडलेलं अंडं नाहीतर कमी तेलाचं थालीपीठ-दही तयार हवं. जेवताना अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं, टीव्ही बंद. चौघांच्या घरात महिन्याला तेल तीन लिटरच्या वर नको. आणि बहिणीला वेफर्स, त्याला काकडी असं कधीही करू नका; तो चोरून खायला शिकेल. आजी-आजोबांनाही हे आधीच समजावून सांगा.

खेळ रोज ६० मिनिटं, दम लागेल असा. सुरुवात २० मिनिटांनी करा, दर आठवड्याला ५-१० वाढवा. पळायच्या शर्यतीत तो मागे पडतो, पोरं चिडवतात आणि मैदान सुटतं. म्हणून आधी पोहणं, सायकल. झोप किमान ९ तास, मोबाइल खोलीबाहेर.

वजन महिन्यातून एकदाच, उंचीबरोबर. मानेवर काळपट जाड पट्टा, जोरात घोरणं, सारखी तहान किंवा उंची वाढायची मंदावली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. लंगडत असेल किंवा मांडी-गुडघा दुखत असेल तर त्याच दिवशी: खुब्याचं हाड सरकलेलं असू शकतं, आणि दुखतं मात्र गुडघ्यात. तपासणी होईपर्यंत खेळ, उड्या सगळं बंद.