कोंबड्या आल्याच नाहीत, तक्रार मात्र आली

प्रश्न : बोरिवलीतल्या एका गावठाणात आमचं जुनं बैठं घर आहे. मागच्या परसात सहा कोंबड्या आणि एक कोंबडा पाळायचं ठरवून जाळीचं खुराडं आणलं. कोंबड्या अजून यायच्या आहेत. तेवढ्यात कुंपणापलीकडच्या नव्या इमारतीच्या सेक्रेटरींचं पत्र आलं : दुर्गंधीचा सभासदांना त्रास होईल, सात दिवसांत खुराडं हटवा, नाहीतर महापालिकेकडे आणि पोलिसांत जाऊ. सासूबाई म्हणतात, आपल्याकडे पूर्वी पंचवीस कोंबड्या होत्या, तेव्हा ही इमारतच नव्हती. आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, सोसायटीचे उपविधी तिच्या सभासदांना बांधतात, कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला नाही. त्यामुळे सेक्रेटरींना तुम्हाला सात दिवसच काय, सात मिनिटांची मुदत घालायचाही अधिकार नाही. तरी पत्र फाडू नका, तारीख टाकून जपून ठेवा. कोंबडी यायच्या आधीच त्यांना वास आला होता, याचा तो लेखी पुरावा आहे!

आता कायदा. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ अजून आपल्या डोक्यावर आहे. त्याच्या कलम ३८४ नुसार डुकरं पाळायला आयुक्तांची लेखी परवानगी लागते. बाकी प्राण्यांबाबत म्हणणं एवढंच, की ते अशा रीतीने ठेवू नयेत की उपद्रव होईल किंवा धोका होईल. त्यांना घाण, उकिरडा खाऊ घालायलाही तिथेच बंदी आहे. परवान्यांबद्दलच्या कलम ३९४ मध्ये विक्रीसाठी किंवा उत्पन्नासाठी जनावरं ठेवण्याचा भाग आहे, पण शब्द आहेत घोडे, गुरं आणि इतर चारपायी जनावरं. कोंबडीला दोनच पाय, म्हणून ती सुटली. प्रदूषण मंडळाची धमकी कुणी दिली तर तीही मनावर घेऊ नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं पाच हजारांहून अधिक पक्ष्यांच्या फार्मसाठी आहेत. तुमचे सहा.

म्हणजे सगळा प्रश्न 'उपद्रव' या एका शब्दावर येऊन थांबतो. दिवाणी कोर्टात उपद्रव मोजतात तो सर्वसाधारण माणसाच्या नाकाने, अतिनाजूक नाकाच्या माणसाच्या नव्हे. वस्ती कशी आहे हेही बघतात. न झालेल्या उपद्रवासाठी मनाई हुकूम मागणाऱ्याला तो होणारच, आणि मोठा होणार, हे दाखवावं लागतं. रिकाम्या खुराड्यावर तो मिळणं अवघड आहे.

सासूबाईंचं म्हणणं मला मनापासून पटतं, पण कोर्टात ते फारसं चालणार नाही. 'आधी आम्ही होतो' हा उपद्रवाच्या दाव्यात पुरेसा बचाव मानला जात नाही. शेजारी उद्या राहायला आला तरी स्वच्छ हवेवर त्याचा हक्क तेवढाच. शिवाय मधली वर्षं कोंबड्या नव्हत्याच, त्यामुळे जुन्या वहिवाटीचा मुद्दाही लंगडा पडतो.

म्हणून तुमचा खरा बचाव कागदापेक्षा खुराड्यात आहे. एका मोठ्या कोंबडीची विष्ठा दिवसाला साधारण शंभर ग्रॅम. सहा कोंबड्यांची अर्ध्या किलोच्या वर गेली. ती कोरडी राहिली तर वास जेमतेम. ओली झाली की अमोनिया सुटतो आणि तोच पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात शिरतो. पोल्ट्रीवाले ज्याला गादी पद्धत म्हणतात ती धरा : खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा चार-पाच बोटं जाड, दर दोन-तीन दिवसांनी खालवर हलवायचा, ढेकूळ झालेला भाग काढून टाकायचा, पाण्याचं भांडं सांडणार नाही असं टांगायचं. पावसाळ्यात झड आत येणाऱ्या बाजूला ताडपत्री लावा. पाण्याचा पाइप मारून खुराडं धुऊ नका. एका प्रकरणात आमच्या अशिलाने कोर्ट कमिशनर पाहणीला येणार म्हणून त्याच सकाळी सगळं धुऊन काढलं. साहेब अकरा वाजता आले, ऊन तापलेलं, ओलं तूस वाफाळतंय, आणि ते रुमाल नाकाला लावूनच टिपणं घेत होते. अहवाल काय आला असेल ते सांगायला नको.

काढलेलं तूस गटारात लोटू नका, महापालिका दंड करील. वाळक्या पाल्यात मिसळून झाकणाच्या ड्रममध्ये कुजवा. दाणा रात्री उघडा ठेवू नका. वासापेक्षा घुशींची तक्रार सिद्ध करायला सोपी असते, घुशीचा फोटो निघतो.

सेक्रेटरींनी ज्याचा विचारही केला नसेल अशा दोन गोष्टींची मला जास्त काळजी वाटते. पहिली, परस नक्की कुणाचं? गावठाणात घर वेगळं आणि परस सामाईक, असं सर्रास असतं. मालमत्ता पत्रकावर चुलत सासरे, दीर यांची नावं असतील तर त्यांची लेखी संमती आधी घ्या. इमारतवाले तुमचं फार काही बिघडवू शकणार नाहीत, पण त्यांच्या अर्जावर एका भाऊबंदाची सही आली की प्रकरण फिरतं. दुसरी, खुराडं. ते उचलून हलवता येईल असंच राहू द्या. कौतुकाने खाली जोतं घातलंत, वर सिमेंटचा पत्रा टाकलात, तर अनधिकृत बांधकाम म्हणून महापालिका अधिनियमाच्या कलम ३५१ ची नोटीस येईल. मग कोंबड्यांचा मुद्दा कुणी ऐकूनही घेणार नाही.

पोलिसांची धास्ती नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आहे आणि कलम २९२ खाली एक हजार रुपयांपर्यंत दंड. गुन्हा अदखलपात्र आहे, ठाण्यात एनसी नोंदवतील आणि तुम्हाला समज देतील, इतकंच. हवालदाराशी वाद घालू नका, खुराडं दाखवा. मात्र उपद्रव थांबवा असा अधिकृत आदेश झाला आणि तुम्ही तो मोडलात, तर कलम २९३ आहे : सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तसा आदेश आला तर त्याच दिवशी वकील गाठा.

एखादी कोंबडी मेली तर पुरा आणि विसरा. पण पाठोपाठ दोन-तीन मेल्या तर लपवू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने ती मालकाची जबाबदारी आहे. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये आपल्याच नवापूरला सापडला होता, आणि तेव्हा परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या.

सेक्रेटरींना उत्तर चार ओळींचं द्या, पोचपावतीसह स्पीड पोस्टने : 'आपले पत्र मिळाले. आम्ही आपल्या संस्थेचे सभासद नाही. सहा कोंबड्या घरगुती वापरासाठी ठेवणार आहोत. स्वच्छतेची काळजी घेऊ. त्रास जाणवल्यास दिवस व वेळ कळवावी, पाहणीस यावे.' दिवस-वेळ मागितलेली असली की मोघम तक्रारी आपोआप कमी होतात. पहिल्या महिन्यात त्यांना एकदा परसात बोलवाच.

आणि कोंबडा आणू नका. अंडी त्याच्यावाचूनही मिळतात, फक्त पिल्लं निघत नाहीत. ध्वनी प्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि तो आरवणार पहाटे चारला. सासूबाईंना हे तुम्हालाच समजवावं लागेल, त्याला माझ्याकडे कलम नाही.