पप्पांच्याच घरात राहतो, मग घरभाड्याचं काय?

या वेळचे बरेच प्रश्न फिरूनफिरून एकाच जागी येतात. घर आईवडलांचं, राहतोय आपण, आणि घरभाड्याच्या नावाने कुठून काही मिळतं का. मिळतं कधीकधी, पण प्रत्येकाचं वेगळं आहे म्हणून एकेक घेते.

प्रश्न : ताई, इंजिनिअरिंग करून नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कंपनीत लागलो. इंदिरानगरला पप्पांच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. पगार वर्षाला ९ लाख, त्यात बेसिक महिन्याला ४० हजार आणि एचआरए (घरभाडे भत्ता) १६ हजार. ऑफिसमधला मित्र म्हणतो पप्पांच्या नावाने महिना १२ हजारच्या पावत्या फाड, टॅक्स वाचतो. पप्पा म्हणतात पोराकडून कसलं भाडं घ्यायचं. काय करू?

आधी पप्पांना चहा दे, कारण तुझ्या बाबतीत तेच बरोबर आहेत, भले कारण वेगळं असेल!

बघ, टॅक्स मोजायच्या दोन पद्धती (रेजिम) आहेत, जुनी आणि नवीन. एचआरएची सूट फक्त जुन्या रेजिममध्ये मिळते. नवीनमध्ये ती नाहीच, आणि २०२३-२४ पासून तू काही सांगितलं नाहीस तर कंपनी तुला नवीनमध्येच धरते. पण नवीनमध्ये २०२५-२६ साठी नोकरदाराला स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून सरसकट मिळणारी वजावट) धरून पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर टॅक्स शून्य आहे. तुझा पगार ९ लाख. मग वाचवणार काय?

तरी मित्राचं समाधान म्हणून जुन्याचा हिशोब मांडू. तीन आकडे काढायचे आणि सगळ्यात लहान असेल तेवढीच सूट. मिळालेला एचआरए वर्षाचा १ लाख ९२ हजार. बेसिकचे ४० टक्के, तेही १ लाख ९२ हजार (मुंबईला ५० टक्के, नाशिकला ४०). आणि तिसरा, भरलेलं भाडं वजा बेसिकचे १० टक्के, म्हणजे १ लाख ४४ हजार वजा ४८ हजार, ९६ हजार. सूट ९६ हजारांची. आता यावर स्टँडर्ड डिडक्शन धरलंस आणि पीएफ-एलआयसी मिळून ८०सी कलमाच्या वजावटीचे पूर्ण दीड लाख टाकलेस तरी साधारण ३४ हजार टॅक्स बसतो. नवीनमध्ये शून्य, जुन्यात पावत्या फाडून ३४ हजार, आता मित्रालाच विचार!

ज्यांचा पगार बराच जास्त आहे आणि बाकीच्या वजावटीही भरपूर आहेत म्हणून जे जुन्यातच राहतात, त्यांनी मात्र पुढचं नीट वाचा. आईवडलांना भाडं देणं बेकायदा नाही, फक्त ते खरं दिलेलं पाहिजे. घर त्यांच्या नावावर हवं, तुमचं नाव सहमालक म्हणून लागलेलं असेल तर या भानगडीत पडूच नका. साधा भाडेकरार करा, दर महिन्याला बँकेतून ट्रान्सफर करा, वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा म्हणजे पप्पांचा पॅन कंपनीला द्यावा लागतो, आणि पॅन दिला म्हणजे ते उत्पन्न पप्पांच्या रिटर्नमध्ये दिसलं पाहिजे. इथेच बहुतेकांची गाडी अडते. त्यांना काही सगळ्या रकमेवर टॅक्स नाही, समजा १ लाख ४४ हजार भाडं आलं आणि त्यांनी ४ हजार घरपट्टी भरली तर उरलेल्या १ लाख ४० हजारातून ३० टक्के सरळ वजा, म्हणजे उत्पन्न धरायचं ९८ हजार. पेन्शन बेताची असेल तर टॅक्स लागतही नाही.

२०१७ मध्ये मुंबईच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणासमोर एका बाईंचं प्रकरण गेलं होतं, आईला रोख भाडं दिलं म्हणत होत्या आणि पुराव्याच्या नावाने हाती काही नाही. सूट नाकारली. खोटी पावती पकडली गेली तर बुडवलेल्या टॅक्सच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड बसू शकतो, आणि आईवडलांना त्यात कशाला ओढायचं?

प्रश्न : मी बीएस्सीला आहे, कॉलेज गंगापूर रोडला, राहते मखमलाबादला घरी. आम्ही एससी, पप्पांचं उत्पन्न दोन लाखाच्या आत. माझ्या वर्गातली निफाडची मैत्रीण रूम घेऊन राहते, तिला शासनाच्या स्वाधार योजनेचे वर्षाला ५१ हजार मिळतात. मला का नाही? काका म्हणतात त्यांच्या सिडकोच्या खोलीचा भाडेकरार करून देतो.

तुझा राग समजतो, रोज सिटीलिंक बसने दोन वेळा जाऊन येऊन अभ्यास तूही तेवढाच करतेस. पण स्वाधार योजना घर सोडून आलेल्यांसाठी आहे, शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही त्यांच्यासाठी. नाशिकसारख्या विभागाच्या ठिकाणी जेवणाचे २८ हजार, राहण्याचे १५ आणि निर्वाहाचे ८, असे ते ५१ हजार होतात. अट स्पष्ट आहे, विद्यार्थी स्थानिक रहिवासी नको. आदिवासी मुलांच्या स्वयंम योजनेमागेही हाच विचार आहे.

काकांना नको म्हण. आधार मखमलाबादचं, रेशनकार्ड मखमलाबादचं आणि करार सिडकोचा, हे टेबलावरचा क्लार्कही एका नजरेत ओळखतो, आणि पुढे पैसे परत भरायची वेळ आली तर ते पप्पांच्या डोक्यावर.

पण तुला काहीच नाही असं अजिबात नाही. अडीच लाखांच्या आत उत्पन्न आहे तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर केंद्राची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती भर, फीचा भाग त्यातूनच निघतो. त्यात घरी राहणाऱ्यांसाठी डे स्कॉलरचा वेगळा निर्वाह भत्ता आहे, साध्या बीएस्सीला वर्षाचे ३ हजार (हॉस्टेलवाल्यांना ६). कमी आहे, मान्य! फॉर्म भरताना घाईघाईत हॉस्टेलर वर टिक करू नकोस आणि बँक खातं आधारला जोडलंय का ते आधी बघ, पैसे तिथेच अडकतात.

प्रश्न : मी नाशिकरोडला सरकारी प्रेसमध्ये आहे, क्वार्टरमध्ये राहतो. मुलगी ग्रॅज्युएट होऊन पोस्टात लागली, आमच्याकडेच राहते. तिला एचआरए मिळेल का?

नाही मिळणार दादा. केंद्राच्या नियमात, आईवडलांना सरकारने किंवा सरकारी उपक्रमाने दिलेल्या क्वार्टरमध्ये कर्मचारी राहत असेल तर त्याला एचआरए नाही. ती तुम्हाला वेगळं भाडं देते म्हटलं तरी उपयोग नाही. तिने कार्यालयात हे आजच लिहून द्यावं, नाहीतर पुढे वसुली निघते आणि एकदम निघते.

उद्या तुम्ही क्वार्टर सोडून जेलरोडला स्वतःच्या घरात गेलात आणि ती तुमच्यासोबत आली, तर मात्र मिळेल. घर वडलांचं असलं तरी चालतं, आणि एचआरएसाठीच्या शहरांच्या वर्गवारीत नाशिक वाय दर्जाचं असल्याने दर सध्या बेसिकच्या २० टक्के. फक्त भत्ता मिळणं वेगळं आणि त्यावर टॅक्स माफ होणं वेगळं, भाडं प्रत्यक्ष दिलं नाही तर तो भत्ता पगारासारखाच धरला जातो. वर इंदिरानगरच्या मुलाला सांगितलेला हिशोब तिलाही लागू, तेव्हा दोघांनी बसून एकदा वाचा.