उष्टावण: उष्टं काय होतं, भात की तोंड?

एका आईचा प्रश्न आलाय. लेकीला पाच महिने पूर्ण झाले, पहिला भात भरवायचा कार्यक्रम करायचा आहे. सासूबाई म्हणतात 'उष्टावण'. नवरा म्हणतो, शुभकार्याच्या निमंत्रणावर 'उष्टं' कशाला, 'अन्नप्राशन' लिहू. त्यातून कुणी 'उष्टवण' म्हणतं, कुणी 'उष्टावण'. बरोबर काय? आणि जिने अजून एक शीतही खाल्लेलं नाही, तिचं उष्टं आलं कुठून?

ताई, यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. पण आधी यजमानांबद्दल बोलतो, कारण त्यांच्यासारखं बोलणारे आता घरोघरी भेटतात. 'उष्टं' म्हणजे घाण, म्हणून शब्द बदला. 'अन्नप्राशन' चुकीचं अजिबात नाही. आश्वलायन गृह्यसूत्रात 'षष्ठे मास्यन्नप्राशनम्' असं स्वच्छ लिहिलंय. पण ते पोथीतलं नाव झालं. बंगाली माणूस घरी 'मुखेभात' म्हणतो, मल्याळी माणूस 'चोरूण' म्हणतो, आणि त्यांना आपल्या शब्दांची लाज वाटत नाही. आपल्याकडे मात्र फुग्यांच्या कमानीवर 'अन्नप्राशन सेरेमनी' झळकतं आणि आजीच्या तोंडचा शब्द आजीपुरता उरतो. हे मला सहन होत नाही.

उष्टं शुभकार्याला चालत नाही म्हणणाऱ्यांनी आपल्याच लग्नातली हळद आठवावी. नवऱ्या मुलाला लागलेली हळद उरते, ती नवरीकडे जाते. तिचं नाव 'उष्टी हळद'. ती वाजतगाजत नेतात आणि तिची वाट पाहत मांडव खोळंबतो. त्या हळदीला कुणी 'शेष हरिद्रा' म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता शब्दाकडे. 'ओठ लागले म्हणून उष्टं, म्हणजे ओष्ठपासून उष्टं' ही व्युत्पत्ती इतक्यांदा माझ्यापर्यंत पोचली आहे की तिचा एकदा निकाल लावतो. ऐकायला गोड, पण साफ चूक. संस्कृत ष्ट, ष्ठ मराठीत येताना काय होतात ते पाहा: अष्टचं आठ, मुष्टीची मूठ, पृष्ठाची पाठ, कोष्ठाचा कोठा. आणि ओष्ठाचा? ओठ! तो शब्द त्याच्या वाटेने केव्हाच घरी पोचलाय. तो पुन्हा मागे फिरून 'उष्टं' होऊन यायचा नाही.

उष्टं आलंय 'उच्छिष्ट'वरून. उत् म्हणजे वर, शिष्ट म्हणजे राहिलेलं. इथवर सगळे कोशकार एकमताचे आहेत. माझं भांडण पुढच्या पायरीवर आहे. बरेच विद्वान सांगतात, 'उच्छिष्ट'मधलं मधलं गळालं आणि दोन टोकं जोडून 'उष्ट' झालं, म्हणजे आपल्या उष्ट्यातला ष हा संस्कृत शिष्टमधला ष. मग मधलं अख्खं 'च्छि' कुणी गिळलं? एवढं मोठं अक्षर मागमूस न ठेवता जात नसतं. आणि ज्या ष्टचा आठ, मूठ, पाठ यांत ठ झाला, तो इथेच जसाच्या तसा कसा टिकला? याचं उत्तर त्यांच्याकडे नाही.

माझं म्हणणं असं. संस्कृत 'उच्छिष्ट'चं प्राकृत 'उच्छिट्ठ'. प्राकृतातला च्छ मराठीत स किंवा श होतो, आणि इ-ए शेजारी असले की श. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने मराठीच्या घडणीवरच्या आपल्या ग्रंथात हा नियम शंभर वर्षांपूर्वी मांडून ठेवलाय. मच्छिआची माशी, छेत्तचं शेत, उच्छूचा ऊस, छुरीची सुरी. त्याच न्यायाने 'उच्छिट्ठ'चं 'उशिठं'. मराठीला शब्दातला महाप्राण, म्हणजे ठ, थ, ख यांतला ह, सोडायची सवय आहेच: हत्थचा हात, भुक्खाची भूक, सिक्खचं शिकणं. म्हणून 'उशिटं'. मधली इ बोलण्यात पडली आणि झालं 'उश्टं'. पुढे ट असला की जीभ आपोआप वर वळते, तेव्हा लिहिताना ष. म्हणजे आपल्या उष्ट्यातला ष हा शिष्टचा ष नाहीच, तो 'च्छि'मधला छ आहे, वेश बदलून बसलेला! आणि 'शिष्ट'चा खरा वारस शेवटचा नुसता ट. गोव्यात कोकणीत 'उश्टें' असं श घालून लिहितात, ते मला फार प्रामाणिक लेखन वाटतं.

माझी अडीच वर्षांची नात 'उट्टं' म्हणते. बिस्किटाचा अर्धा भाग चघळून झाला की उरलेला लगदा माझ्या तोंडाशी आणते आणि बजावते, "आजोबा, उट्टं नाईये, आ कला." पोरगी ष्टचा ट्ट करते, म्हणजे प्राकृत बोलणाऱ्यांनी जोडाक्षराचं जे केलं तेच करते. तिला व्याकरण कुणी शिकवलेलं नाही, तिच्या जिभेला तीच वाट सोपी जाते. घरातले तिला "उट्टं नाही गं, उष्टं म्हण" असं दुरुस्त करतात तेव्हा मी त्यांना थांबवतो. एवढ्याशा तोंडातून भाषेचा इतिहास ऐकू येतोय, तर दोन दिवस ऐकू द्या की. आणि ते बिस्किट मी खातो.

उच्छिष्टाची थोरवी सांगायची तर शबरीची बोरं सगळ्यांना पाठ आहेत, ती सोडतो. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात एक सबंध सूक्तच उच्छिष्टाचं आहे. 'उच्छिष्टे नाम रूपं च उच्छिष्टे लोक आहितः' अशी त्याची सुरुवात. यज्ञात आहुती देऊन जे उरलं, त्यात नाम आहे, रूप आहे, सगळे लोक त्यात सामावलेत! उरलेल्या अन्नाला विश्वाचा आधार म्हणणारी ही माणसं, आणि आपण निमंत्रणावर शब्द छापायला लाजतो. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात 'व्यासोच्छिष्ट जगत्रय' आहे: तिन्ही लोकांत असं काही उरलेलं नाही ज्याला व्यासांचं तोंड लागलेलं नाही. आणि तुकोबा तर 'संतांचीं उच्छिष्टें बोलतों उत्तरें' असं स्वतःच्या अभंगांबद्दल म्हणतात. या तीन जागी उच्छिष्टाचा अर्थ घाण असा लावून दाखवावा कुणी. आधी कुणाचं तरी तोंड लागलं, कुणीतरी चाखलं, हाच अर्थ सगळीकडे लागतो.

काल्याच्या अभंगांतली गोष्ट तर मुलांना सांगावी अशीच आहे. सगळ्या गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र, कृष्ण एकाचा घास दुसऱ्याच्या तोंडात घालतोय. देवांना वाटलं, पोरं हात धुवायला यमुनेवर येतील, शितं पाण्यात पडतील, तेवढंच उच्छिष्ट मिळेल. म्हणून देव मासे होऊन पाण्यात राहिले. कृष्णाने ओळखलं आणि पोरांना सांगितलं, हात धुऊच नका, अंगाला पुसा. बालवाडीतल्या मुलांचे डबे खाऊन झाल्यावर त्यांचे सदरे पाहा, ही आज्ञा अजून पाळली जातेय.

एक गोष्ट मात्र न सांगता पुढे जाता येत नाही. आईने लेकराचं उरलेलं खाणं वेगळं आणि उष्ट्यावर जगायला भाग पाडणं वेगळं. या देशात पिढ्यान्‌पिढ्या काही माणसांच्या पदरात दुसऱ्यांच्या पंक्तीतलं उष्टं टाकलं गेलं. 1927 सालच्या महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी उष्टं खाणं सोडा असं बजावून सांगितलं, ते याच अपमानाविरुद्ध. ज्या घरात त्या आठवणी आहेत त्या घराने हा शब्द नको म्हटलं तर त्यांच्यापुढे मी व्युत्पत्ती मांडणार नाही. पण नुसतं कानाला बरं वाटत नाही म्हणून शब्द टाकणाऱ्यांना ती सवलत मिळणार नाही.

आता माझा लाडका विषय, आणि तो मुलांचाच आहे. 'चिमणीच्या दाताने.' शाळेच्या मधल्या सुट्टीत एकच पेरू असतो आणि वाटेकरी दोघं. पेरू फ्रॉकच्या घेरात किंवा शर्टाच्या टोकात गुंडाळायचा, कापडावरून कचकन दाताने तोडायचा आणि अर्धा मैत्रिणीला द्यायचा. "उष्टा नाही गं, चिमणीच्या दाताने तोडलाय." कैरी, आवळा, लिमलेटची गोळी, सगळ्याला हा कायदा लागू. शर्टाचा मळ फळाला लागला तरी चालेल, उष्टं मात्र होता कामा नये!

यात चिमणी का? एक मत असं की 'चिमणा' म्हणजे लहान, तेव्हा चिमणे दात म्हणजे इवले दात, बस. हे मत मांडणाऱ्यांनी मुलांचा खेळ नीट पाहिलेला नाही. मुलं 'चिमण्या दाताने' म्हणत नाहीत, 'चिमणीच्या दाताने' म्हणतात. तो 'च्या' फुकटचा नाही. आणि दात लहान असल्याने उष्टेपणा कसा टळतो? उंदराचेही दात लहानच, पण उंदराने कुरतडलेलं कुणी खात नाही.

माझा सिद्धांत असा. बौधायन धर्मसूत्रात आणि मनुस्मृतीत शुद्धीच्या नियमांमध्ये एक श्लोक थोड्याफार फरकाने येतो. मनुस्मृतीत त्यातले शब्द आहेत 'शकुनिः फलपातने': फळ पाडताना पक्षी शुद्धच. म्हणजे पक्ष्याने चोच मारून पाडलेलं फळ उष्टं धरायचं नाही. त्याच श्लोकात वासरूही आहे. पान्हा फुटावा म्हणून वासरू आधी आचळाला लावतात, तरी दूध उष्टं नाही. व्यवहार पाहता दुसरा इलाजच नव्हता. पक्ष्यांना झाडावरून कोण हाकलणार? हा नियम गावागावांत, परसापरसांत पाळला गेला, 'पाखराने टोचलेलं गोड असतं' म्हणत आज्यांनी ती फळं नातवंडांना दिली, आणि नातवंडांनी त्यातून आपली पळवाट काढली: पाखराचं तोंड चालतं ना, मग मी पाखरू! पाखरू म्हटलं की मराठी मुलासमोर पहिली येते चिमणी. चिमणीला दात नसतात हा आक्षेप घेऊन नका येऊ. मुलाला स्वतःला दात आहेत आणि ते चिमणी झालंय, म्हणून ते चिमणीचे दात.

वासराचा धागाही थेट आपल्या नामदेवांपर्यंत जातो. गुरू ग्रंथसाहिबातल्या त्यांच्या एका पदात, नैवेद्याची खीर करायला दूध आणलं तर ते आधी वासरानेच 'बिटारिओ', असं आहे. हे 'बिटारिओ' म्हणजे आपलं विटाळलं. मग विठ्ठलाला काय वाहू? असं म्हणत नामदेव त्या शुद्धीच्या हिशेबाचीच हवा काढून घेतात. ज्याला तोंड लागलेलं नाही असं जगात काही सापडेल ही आशाच ते सोडून देतात.

आता ताईंचा प्रश्न: बाळाने काही खाल्लेलंच नाही, मग उष्टं कसलं? तर उष्टा भात होत नाही, उष्टं तोंड होतं. 'माझे हात उष्टे आहेत', 'तोंड उष्टं आहे, देवघरात जाऊ नको' हे बोलणं आठवा. आणि 'उष्ट्या हाताने कावळा न हाकणारा' हा चिक्कू माणूसही. मराठीत उष्टेपणा अन्नाला लागतो तसा माणसालाही लागतो. आता दूध पाच-सहा महिने पोटात जातच होतं, तरी तोंड उष्टं झालं नव्हतं, कारण आपल्याकडे तो मान शिजलेल्या धान्याचा. उपासाला दूध चालतं आणि भात चालत नाही, तोच हिशेब. बाळाच्या तोंडात भाताचं पहिलं शीत गेलं की ते तोंड पहिल्यांदा उष्टं होतं. आता तिचा हात धुवावा लागणार, तोंड पुसावं लागणार, तिचं ताट वेगळं काढावं लागणार. ती पंक्तीतली झाली. इतका नेमका अर्थ 'अन्नप्राशन'मध्ये नाही, त्यात नुसतं खाणं आहे.

म्हणून मी 'उष्टावण' लिहितो. थंडावणे, पाणावणे, रोडावणे यांत 'आव' येतो तेव्हा ती गोष्ट स्वतः तशी होते. डोळे पाणावतात, तसं तोंड उष्टावतं. 'लांबवणे', 'वाढवणे' यांसारखं 'उष्टवणे' म्हटलं की कुणीतरी कशाला तरी उष्टं करतं, आणि लक्ष पुन्हा भाताकडे जातं. दोन्ही रूपं बोलण्यात आहेत, 'उष्टवण' म्हणणाऱ्या आजीला कुणी दुरुस्त करू नये. छापताना मात्र आ असू द्या.

महिन्याचं म्हणाल तर रीत अशी की मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात. डॉक्टर सहा महिने पुरे होईपर्यंत थांबायला सांगतात, तेव्हा तुमच्या लेकीचा सातवा महिना दोघांनाही मान्य व्हावा. खीर मामाच्या हातून, जमल्यास सोन्याच्या अंगठीने चाटवा. नंतर पुस्तक, लेखणी, नाणी मांडाल तेव्हा खिरीची वाटीही जवळ राहू द्या. बहुतेक मुलं तिच्यावरच झेपावतात आणि मामाचा सदरा उष्टावतात.