फ्रीलान्सिंगचे पैसे सेव्हिंग खात्यात घेतले तर चालतात का?

तुम्ही विचारलंय की ग्राफिक डिझाइनची फी नेहमीच्या सेव्हिंग खात्यात घेतली तर टॅक्सला अडचण येईल का, की करंट खातं काढावंच लागतं.

आयकर खात्याला तुमचं खातं कुठलं याच्याशी देणंघेणं नाही. कर पॅनवर लागतो, क्लायंट फी देतानाच जो कर (टीडीएस) कापतो तोही पॅनवरच. अडवते ती बँक, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सेव्हिंग खातं धंद्यासाठी नसतं. तरी माझं ठाम मत आहे, पहिलं बिल पाठवायच्या आधी वेगळं खातं काढा.

मी नाशिकला इंटिरियरची कामं करते. २०१९ मध्ये करंट खात्याचा विषय काढला तेव्हा दादा म्हणाला, "व्याज बुडेल, मिनिमम बॅलन्स अडकेल. घरबसल्या कामाला कशाला हवंय?" त्याच्या दुकानाचं करंट खातं मात्र आबांनी स्वतः सोबत जाऊन काढून दिलं होतं. मी गप्प बसले आणि माझं सेव्हिंग खातं अख्ख्या घराचं झालं. लासलगावला कांदा विकला की आबा रोकड माझ्याकडे द्यायचे, २०२१-२२ मध्ये चार खेपांत तीन लाख. भिशी लागली ते १ लाख ८० हजार. सुतारांची मजुरी, प्लाय, लॅमिनेट यासाठी क्लायंटनी वेळोवेळी दिलेली रोकड ६ लाख १० हजार. सगळं मीच नेऊन भरलं.

सेव्हिंग खात्यात वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोख भरली गेली की बँक ते आयकर खात्याला कळवते. करंट खात्याला हीच मर्यादा ५० लाख आहे. हे मला जून २०२३ मध्ये कळलं, २०२१-२२ च्या रिटर्नवर नोटीस आली तेव्हा. इंटिरियरवाल्यांना आयकर कायद्याच्या ४४एडीए कलमाखाली निम्मी फी नफा धरून रिटर्न भरता येतं, तसंच मी भरलं होतं. पण फी कुठली आणि क्लायंटच्या सामानाचे पैसे कुठले, हे स्टेटमेंटवरून मलाच सांगता येईना. तीन आठवडे एकेका ओळीवर पेन्सिलीने खुणा करत बसले. आबांच्या कांद्याच्या जुन्या काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) शोधल्या, भिशीतल्या बायकांकडून सह्या आणल्या. लाज वाटली. शेवटी ४५ हजारांचा हिशेब लागलाच नाही. स्पष्टीकरण नसलेल्या रोकडीवर तेव्हा अधिभार, सेस धरून ७८ टक्के कर होता, म्हणजे ३५ हजार १०० रुपये गेले. सीएची फी वेगळी. दादा ज्या व्याजासाठी भांडत होता ते त्या वर्षी चार हजारसुद्धा नव्हतं.

त्याचं म्हणणं अजूनही तेच आहे की चूक रोकड भरण्यात झाली, खात्यात नाही. मला ते पटत नाही. खातं धंद्याच्या नावाचं असतं तर आबांनी कांद्याचे पैसे त्यात भरायला दिलेच नसते. दादाच्या खात्यात कधी दिले?

करंट खात्यासाठी धंद्याचे पुरावे लागतात. शॉप अ‍ॅक्ट (दुकाने-आस्थापना नोंदणी) आणि उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) यांवर माझं काम झालं. उद्यम फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. लगेच जमत नसेल तर निदान दुसरं सेव्हिंग खातं काढून त्यात फक्त फी घ्या आणि घरखर्चाला महिन्याला ठरावीक रक्कम तिथून वळती करा. बँकेने हरकत घेतली तर मात्र करंटला पर्याय नाही.

दोन गोष्टी राहिल्या. ४४एडीए ठरावीक व्यवसायांनाच लागू होतं, ग्राफिक डिझाइन त्यात बसतं का हे सीएकडून पक्कं करून घ्या. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, कलमांचे क्रमांक बदललेत, त्यामुळे मी वर लिहिलेला क्रमांक जुना समजा. माझ्या खात्यात सगळी रोकड होती; तुमचे पैसे फक्त ऑनलाइन येत असतील तर एवढा त्रास कदाचित होणार नाही. पण घरच्यांना आजच सांगा की त्यांची रोकड तुमच्या खात्यात भरायची नाही. आबांना हे सांगायला मला चार वर्षं लागली, आणि ते एका शब्दाने रागावले नाहीत.