एनसीएएत नवीन आहेस? आधी एवढंच सांभाळ

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएत टेनिसचा सहायक कोच झालास, मनापासून अभिनंदन! डिव्हिजन वनचं, म्हणजे सगळ्यात वरच्या गटाचं जाडजूड नियमपुस्तक लगेच पाठ करत बसू नकोस.

पहिलं म्हणजे खेळाडूंच्या सरावाच्या तासांची मर्यादा. सीझनमध्ये आठवड्याला 20, दिवसाला 4 आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. खेळाडूंना बसवून आपण दाखवलेले व्हिडिओही यातच धरतात. नवे लोक हमखास इथेच चुकतात. मी सराव संपला की कोर्टवरच वहीत वेळ टिपतो, रात्री आठवून लिहीत नाही.

- नव्या खेळाडूला भेटायला निघण्याआधी रिक्रूटिंग कॅलेंडर (त्यांना कधी भेटता येतं याचं वेळापत्रक) बघ.
- कॉलेजच्या खेळांवर पैज लावायची नाही, मित्रांना संघातली आतली बातमीही द्यायची नाही.

शंका आली की कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला (नियम पाळले जातात का ते बघणारं) आधी विचार, तेही लेखी. चूक झालीच तर त्याच दिवशी सांग. ट्रान्सफर (खेळाडूचं कॉलेज बदलणं), एनआयएल (खेळाडूने स्वतःचं नाव-प्रतिमा वापरू देऊन पैसे कमावणं) वगैरे पुढच्या सीझनला बघू.